नट आवळण्याची मापे आणि त्यांचे रूपांतर

पेण-रोहा परिसरातील अनेक मुले-मुली दहावीनंतर आयटीआयची वाट धरतात आणि पुढे धाटावच्या औद्योगिक वसाहतीत, डोलवीच्या पोलाद कारखान्यात किंवा एखाद्या गॅरेजमध्ये कामाला लागतात. आपल्या शाळेचे माजी विद्यार्थीही त्यांत आहेत. तेथे हाती येणाऱ्या टॉर्क पान्यावर एक एकक छापलेले असते आणि यंत्राच्या पुस्तिकेत दुसरेच. या दोहोंचा मेळ घालणे हा त्यांच्या कामाचा भाग होय.

टॉर्क म्हणजे पाठ्यपुस्तकातील बल आघूर्ण. जात्याचा खुंटा मध्याजवळ नसून कडेला असतो, कारण आसापासून जितके दूर बल लावावे तितके फिरवणे सोपे जाते. बल आणि हे अंतर यांचा गुणाकार म्हणजे आघूर्ण. ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला काटकोनात १० किलोग्रॅम वजनाइतका जोर दिला, तर आघूर्ण ३ किलोग्रॅम-मीटर होते.

मापे अनेक का झाली, याचे उत्तर इतिहासात आहे. ब्रिटिश अमलात मुंबईचा मण सुमारे २८ पौंडांचा, तर बंगालचा सुमारे ८२ पौंडांचा होता. नाव एक, वजन निराळे. ज्याला हिशेब येत नाही तो अशा व्यवहारात नागवला जातो. स्वतंत्र भारताने १९५६ मध्ये वजन-मापांचा कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने लागू केली. १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीला आजचे नाव मिळाले. तीत आघूर्णाचे एकक न्यूटन-मीटर आहे. तरीही यंत्रे जगभरातून येतात. अमेरिकी पुस्तिकांत फूट-पौंड आढळतो, तर जुन्या जपानी पुस्तिकांत किलोग्रॅम-मीटर.

रूपांतराचे आकडे मोजकेच आहेत. एक किलोग्रॅम वजनाचे बल ९.८०६६५ न्यूटन मानले जाते. म्हणून १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८१ न्यूटन-मीटर. तोंडी हिशेबासाठी दहाने गुणावे आणि दोन टक्के वजा करावेत. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर आणि एक पौंड बल म्हणजे सुमारे ४.४४८ न्यूटन. त्यांचा गुणाकार १.३५६ येतो, म्हणून १ फूट-पौंड म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर. उलट जाताना याच आकड्यांनी भागावे. इंच-पौंडाला आधी बाराने भागले की फूट-पौंड मिळतात. किलोग्रॅम-सेंटिमीटरला शंभराने भागले की किलोग्रॅम-मीटर मिळतात.

आता एक उदाहरण घेऊ. पुस्तिकेत ६० फूट-पौंड लिहिले आहे आणि पाना न्यूटन-मीटरचा आहे. ६० ला १.३५६ ने गुणले असता सुमारे ८१ येतात, म्हणून पाना ८१ वर लावावा. तो ६० वरच ठेवला, तर नट २६ टक्के कमी आवळला जातो. उलट, पुस्तिकेत ६० न्यूटन-मीटर असताना फूट-पौंडाचा पाना ६० वर लावला, तर नट ३६ टक्के जास्त आवळला जातो. सैल राहिलेल्या जोडातून रसायन किंवा वाफ गळते. अति आवळल्यास बोल्ट ताणला जातो, आटे जातात, गॅस्केट चिरडते. रसायनांच्या कारखान्यात अशा गळतीची किंमत जवळ उभ्या असलेल्या कामगाराला आपल्या शरीराने मोजावी लागते.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: पुस्तिकेतील एकक कोणते, पान्यावरचे कोणते, आणि उत्तर मोठे यायला हवे की लहान. न्यूटन-मीटरचा आकडा नेहमी फूट-पौंडाहून मोठा असतो; लहान आला तर गुणाकाराऐवजी भागाकार झाला आहे, असे समजावे. वरिष्ठाने नुसते ‘साठवर लाव’ म्हटले, तर ‘साठ काय?’ असे विचारण्यात उद्धटपणा नाही. घरी गणित सोडवणाऱ्या मुलाने उत्तरापुढे एकक लिहिले नसेल, तर पालकांनीही त्याला हाच प्रश्न विचारावा.