चावी फिरवल्यावर आत काय पेटतं?

चावी फिरवली की इग्निशन चालू, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. खरी गंमत त्यापुढे आहे. पेट्रोल इंजिनात इग्निशन कॉइल बॅटरीच्या 12 व्होल्टचे हजारो व्होल्ट करते आणि स्पार्क प्लगच्या जेमतेम मिलिमीटरभर फटीत ठिणगी उडते. डिझेल इंजिनात मात्र स्पार्क प्लगच नसतो! तिथे हवा इतकी दाबली जाते की ती 500 अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापते; डिझेलचा फवारा आत शिरताच आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल यांनी 1897 मध्ये जर्मनीत हे इंजिन यशस्वी करून दाखवलं. मला तरी हीच रचना जास्त देखणी वाटते.

आणि हो, अणुसंमीलनातही इग्निशन असतं, म्हणजे दिलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा बाहेर पडणं. 5 डिसेंबर 2022 रोजी कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत लेझरने 2.05 मेगाज्यूल ऊर्जा इंधनाच्या गोळीवर सोडली, बाहेर पडली 3.15!