हिशेब मागणारे बिशप

जॉन विल्यम कोलेन्सो मुळात गणिताचे. कॉर्नवॉलमधल्या सेंट ऑस्टेल गावी १८१४ साली जन्मले, केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकले, १८३६ साली गणिताच्या मानाच्या परीक्षेत दुसरे आले आणि तिथेच फेलो झाले. मग हॅरोच्या शाळेत शिकवायला गेले. तिथे विद्यार्थी मोजके, त्यात आगीत बरंचसं किडूकमिडूक जळालं आणि डोक्यावर ५,००० पौंडांचं कर्ज झालं. शिकवण्या घेऊन आणि आपल्या बीजगणित-अंकगणिताच्या पुस्तकांचे हक्क लाँगमन्सला विकून त्यांनी ते फेडलं. ही पुस्तकं इंग्लंडच्या शाळाशाळांत वापरली जात होती.

१८५३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीचे पहिले बिशप झाले. पीटरमारित्सबर्गजवळ त्यांनी मिशन उभारलं, झुलू भाषा शिकले, तिचा कोश केला, नवा करार झुलूत आणला. अनेक बायका असलेला माणूस ख्रिस्ती व्हायला आला, तर एक ठेवून बाकीच्यांना घराबाहेर काढायला लावू नये, असं त्यांचं मत होतं. मिशनरी मंडळींना ते झोंबलं. झुलू लोक मात्र त्यांना ‘सोबान्तू’, म्हणजे लोकांचा बाप, म्हणू लागले.

भाषांतराच्या कामात त्यांचा सहकारी होता विल्यम न्गिडी. नोहाच्या प्रलयाची गोष्ट झुलूत आणताना त्याने विचारलं, सगळ्या मुलखांतले प्राणी जोडीजोडीने त्या तारवात चढले, हे तुम्हाला खरं वाटतं का? कोलेन्सोंनी भूगर्भशास्त्र वाचलेलं होतं. त्यांना ‘हो’ म्हणवेना.

मग या गणितज्ञाने बायबलची पहिली पाच पुस्तकं आणि यहोशवाचं पुस्तक तपासायला घेतलं. इजिप्तहून निघालेल्या इस्राएल लोकांत लढाऊ पुरुष सहा लाखांच्या वर. सगळ्या मंडळीला निवासमंडपाच्या दाराशी जमवलं असं लिहिलंय. मंडपाच्या रुंदीत माणसं दाटीने उभी केली तरी रांग जवळजवळ वीस मैल जाते. ज्येष्ठ पुत्रांची नोंद २२,२७३. म्हणजे लहान मुलगेही धरले तर एकेका आईला सरासरी ४२ मुलगे! १८६२ पासून हे खंड निघू लागले आणि इंग्लंडमध्ये गदारोळ उठला. केपटाऊनचे बिशप रॉबर्ट ग्रे यांनी १८६३ मध्ये त्यांना पदच्युत ठरवलं. प्रिव्ही कौन्सिलने १८६५ मध्ये तो निवाडा रद्दबातल केला. ग्रे यांनी मग बहिष्कार घातला, नाताळात दुसरा बिशप आणून बसवला. जगभरच्या अँग्लिकन बिशपांची पहिली लॅम्बेथ परिषद १८६७ मध्ये भरली, त्यामागेही हे प्रकरण होतंच.

या सगळ्यात नाताळचे बरेच गोरे वसाहतवाले कोलेन्सोंच्या बाजूने होते. बायबलचा हिशेब चुकला म्हणून त्यांचं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते १८७३ नंतर. बंदुकांच्या नोंदणीवरून ह्लुबी जमातीचा प्रमुख लांगालिबालेले याचं सरकारशी बिनसलं, तो माणसांसह सरहद्द ओलांडून गेला, खिंडीतल्या चकमकीत काही गोरे शिपाई पडले. सरकारने जमातीची वाताहत केली आणि खटला चालवला तो असा, की लेफ्टनंट गव्हर्नर स्वतःच न्यायासनावर आणि आरोपीला धड वकील नाही. शिक्षा जन्माची, रॉबेन बेटावर. कोलेन्सोंनी साक्षी गोळा केल्या आणि बायबल तपासावं तशा ओळीओळीने पडताळल्या. एतद्देशीय खात्याचे प्रमुख थिओफिलस शेपस्टन त्यांचे जुने स्नेही. ती मैत्री यात तुटली. १८७४ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी वसाहत खात्यापुढे गाऱ्हाणं मांडलं आणि लेफ्टनंट गव्हर्नरला परत बोलावण्यात आलं. गोऱ्या समाजाने हे मात्र कधी माफ केलं नाही. त्यांच्या चरित्रात लोक बायबलचं प्रकरणच रंगवून सांगतात. मला खरी कसोटी इथे दिसते.

जानेवारी १८७९ मध्ये इसांडलवाना इथे झुलूंनी इंग्रज फौजेचा धुव्वा उडवला. वसाहत सुडाने पेटली असताना बिशपांनी प्रवचनात विचारलं, हे युद्ध मुळात आपण न्यायाने सुरू केलं का? युद्धाअखेर झुलूंचा पदच्युत राजा केच्वायो इंग्रजांच्या कैदेत होता. त्याला ते केपटाऊनला जाऊन भेटले, त्याच्या सुटकेसाठी लिहीत राहिले. २० जून १८८३ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या नावाचं गाव तुगेला नदीकाठी आहे. बोअर युद्धात, डिसेंबर १८९९ मध्ये, तिथे इंग्रजांचा मोठा पराभव झाला आणि जखमींना वाहून नेणाऱ्या हिंदी पथकात नाताळचे बॅरिस्टर गांधी होते. बिशपांचं काम चालवलं ते त्यांच्या मुलीने, हॅरिएटने. केच्वायोचा मुलगा दिनुझुलू याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला गेला, तेव्हा त्याच्या बचावासाठी कागदपत्रं जुळवायला तीच पुढे झाली.