घरच झाले महाविद्यालय

बुऱ्हाणपूरच्या शनवारा भागातून सकाळी वह्यापुस्तके घेऊन महाविद्यालयाची वाट धरणारी मुलेमुली दिसणे, ही नित्याची गोष्ट होय. परंतु मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे ही वाट एकाएकी ओस पडली. २५ मार्चपासून साऱ्या देशात टाळेबंदी लागू झाली आणि जो तो विद्यार्थी आपल्या घराच्या चार भिंतींत बसला.

दुरून शिक्षण घेणे आपल्याकडे नवे नव्हे. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्येच टपालाने शिकविण्यास आरंभ केला. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. तथापि तेथील विद्यार्थी हा मार्ग जाणूनबुजून पत्करतात आणि त्यांची पुस्तकेही एकट्याने अभ्यास करणाऱ्यासाठीच लिहिलेली असतात. २०२० च्या विद्यार्थ्यांवर मात्र तो एकाएकी येऊन पडला. फळा गेला, सोबती दुरावले, तासानंतर गुरुजनांना शंका विचारण्याची सोय गेली. उरला तो मोबाईल.

तो तरी प्रत्येकाच्या हाती कोठे होता? बुऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे शहर. माग थांबले की मजुरी थांबते. अशा घरात एकच मोबाईल असला आणि थोरल्या मुलीचा तास व धाकट्या मुलाचा वर्ग एकाच वेळी आला, तर थांबावे कोणी? ‘तू मागाहून बघ’ हे शब्द मुलीच्याच वाट्याला येण्याचे भय मोठे.

पुढे परीक्षेचा प्रश्न उभा राहिला. अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्यावाचून पदवी देता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी दिला. बुऱ्हाणपूरची महाविद्यालये तेव्हा इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाशी संलग्न होती. मध्य प्रदेशात त्या सप्टेंबरात अंतिम वर्षाची परीक्षा ‘ओपन बुक’ पद्धतीने झाली. प्रश्नपत्रिका मोबाईलवर मिळवावी, पुस्तक उघडून घरीच उत्तरे लिहावीत आणि उत्तरपुस्तिका ठरलेल्या केंद्रावर नेऊन द्यावी, अशी ती रीत होती.

पुस्तक पाहण्यास मुभा होती. दुसऱ्याकडून लिहून घेण्यास नव्हती. पण पाहणारे कोण होते? पर्यवेक्षक नाही, घंटा नाही. पुस्तकातील उतारा जसाच्या तसा उतरवावा की समजून आपल्या शब्दांत लिहावा, हे ज्याचे त्यानेच ठरवावयाचे होते. विषयाच्या परीक्षेबरोबर प्रामाणिकपणाचीही परीक्षा त्या घरांत झाली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

साथ ओसरली, महाविद्यालये पुन्हा भरू लागली. मोबाईल मात्र अभ्यासात राहिला आहे. म्हणून आईबापांनो, घर लहान असो, त्यातील एक कोपरा अभ्यासासाठी राखा. तेवढा वेळ रेडिओ, टीव्ही आणि गप्पा बंद ठेवा. आणि मोबाईल एकच असेल, तर मुलाइतकीच पाळी मुलीलाही द्या. महाविद्यालय पुन्हा कधी बंद पडलेच, तर मुलांच्या शिक्षणाची भिस्त आपल्याच घरावर राहील.