उठलेलं गाव

मराठीत 'गाव उठलं' याचे दोन अर्थ होतात. एक, वस्ती मोडून माणसं निघून गेली. दुसरा, निजलेलं गाव जागं झालं. नॉर्वेतल्या निक्सुंडच्या बाबतीत दोन्ही खरे आहेत. वेस्टरोलन बेटांपैकी लांगोयाच्या उत्तर टोकाला, उघड्या समुद्राच्या तोंडाशी, जवळजवळ 69 अंश अक्षांशावर हे गाव आहे. एके काळी वेस्टरोलनमधलं हे दुसऱ्या क्रमांकाचं मच्छीमार गाव होतं. 1970च्या दशकात इथला शेवटचा रहिवासी, एक लोहार, निघून गेला. आज तिथे पुन्हा माणसं राहतात, उपाहारगृह चालतं, जुन्या वखारींमध्ये पाहुणे उतरतात. साहजिकच 'मेलेलं गाव जिवंत झालं' असं म्हणायचा मोह होतो. पण उठून गेलेलं गाव परत आलेलंच नाही. त्याच भिंतींत दुसरं गाव वसलं आहे, आणि ते टिकलं तेही पहिल्याची नक्कल करत बसलं नाही म्हणून.

गाव का उठलं, इथून सुरुवात करावी लागते. मासे संपले म्हणून, हा अंदाज इथे साफ चुकतो. दरवर्षी जानेवारी ते एप्रिलच्या सुमारास बॅरेंट्स समुद्रातून कॉडचे थवे अंडी घालायला या किनाऱ्याकडे येतात, आजही येतात. दोन-दोन मासे शेपटीशी बांधून लाकडी वलांड्यांवर टांगतात. थंड, कोरड्या वाऱ्यात ते मिठाशिवाय खडखडीत वाळतात आणि इटली, नायजेरियापर्यंत जातात. वल्हं आणि शीड होतं तोवर मासे जिथे पडतात त्याला लागून राहण्यात शहाणपण होतं. वाचलेला प्रत्येक मैल म्हणजे वाचलेली ताकद, आणि वादळात कदाचित वाचलेला जीवही. इंजिन आलं आणि अंतराची किंमतच उतरली. आता किंमत आली ती खोल पाण्याला आणि मोठ्या बोटींना आडोसा देणाऱ्या बंदराला. निक्सुंडचं बंदर चिंचोळं. जवळच्या म्यूरेचं ऐसपैस. 1960च्या दशकात सरकारने स्थलांतराला आर्थिक मदत देऊ केली आणि माणसं म्यूरेकडे सरकली. गावाचं मोठेपण ज्या जागेमुळे होतं, तीच जागा अडचणीची ठरली.

मग मासेमारी परत आणून गाव वसवणं म्हणजे म्यूरे जे उत्तम करतं आहे तेच इथे वाईट पद्धतीने करणं. 1984मध्ये जर्मनीतून आलेल्या मंडळींच्या पुढाकाराने इथे आंतरराष्ट्रीय युवा प्रकल्प सुरू झाला, त्याने हा हट्ट धरला नाही. शहरातली तरुण मुलं आली आणि पडझड झालेली घरं दुरुस्त करू लागली. त्यांचा माशाशी काही संबंध नव्हता. प्रकल्प पुढे थांबला. पण छपरं शाबूत झाली होती, आणि शाबूत छपराखाली राहणारं कोणी ना कोणी मिळतं. पुढे पाहुण्यांच्या खोल्या झाल्या. शेजारच्या स्टो गावापासून डोंगरावरून इथे येणारी सुमारे 15 किलोमीटरची वाट राणी सोन्या 1994मध्ये चालून गेल्या. तेव्हापासून ती 'राणीची वाट' झाली. (राजघराण्याच्या पायपिटीचा असा उपयोग क्वचितच होतो.)

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हा नुसता पर्यटकांचा देखावा आहे. देखावा कसा असतो ते पाहायचं तर कॅनडातल्या लाब्राडोरचं बॅटल हार्बर पाहावं. 1909मध्ये उत्तर ध्रुवावरून आल्याचा दावा करणाऱ्या रॉबर्ट पीअरीने पत्रकारांना हकिगत सांगितली ती इथे, एवढं ते नावाजलेलं होतं. 1960च्या दशकात सरकारी पुनर्वसनात तेही उठलं. 1990च्या दशकात एका न्यासाने खाऱ्या कॉडच्या वखारी फार निगुतीने जशाच्या तशा उभ्या केल्या. काम उत्तम, पण उन्हाळा संपला की कुलूप. शिवाय त्या किनाऱ्यावर 1992मध्ये कॉडच्या मासेमारीवरच बंदी आली, म्हणजे परतायला धंदाही उरला नव्हता. निक्सुंडमध्ये बारा महिने राहणारी माणसं मोजकी असली तरी आहेत. माझ्या मते गाव आणि संग्रहालय यांतली रेघ तिथेच पडते. पाहुण्यांवर पोट भरणं हा देखावा असेल, तर व्यापाऱ्यांच्या वखारींवर जगणारं जुनं निक्सुंडही तेवढंच परावलंबी होतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गेलेली माणसं रडतच गेली असं कशावरून? शाळा, डॉक्टर, सुरक्षित बंदर या गोष्टी म्यूरेला होत्या. उजाड गावाबद्दल हळहळ बाहेरच्यांनाच जास्त वाटते. हे मान्य करायला हवं. स्थलांतराचं धोरण मासेमारीच्या हिशेबाने चुकलं नव्हतं. त्याचा दोष इतकाच की त्याने त्या जागेचा एकच उपयोग गृहीत धरला आणि तो संपल्यावर जागाही संपली असं मानलं. नवं गाव तीच चूक करेल हा धोका आहेच, कारण पर्यटन हाही एकच धंदा, आणि तोही बहुतांशी उन्हाळ्याचा. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत इथे सूर्य उगवत नाही. त्या दिवसांत राणीच्या वाटेवर कोण चालणार? त्यानंतर येणारा कॉड मात्र अजूनही म्यूरेच्याच धक्क्यावर उतरतो.