निळीचा दुसरा हात

आमच्या बीडकडच्या घरांना ‘भडक’ हा शब्द पहिल्यांदा कुणी चिकटवला कोण जाणे. पोपटी दारं, निळ्या भिंती, तांबडे पट्टे यांना शहरातले जाणकार या एका शब्दात निकालात काढतात. भर दुपारी माळवदाच्या घरात त्यांनी पाऊल टाकलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे. भिंती दोन-दोन हात जाड, खिडकी नावापुरती, उजेड येतो तो छतातल्या साण्यातून. चुलीच्या धुराने नुसता चुना चार महिन्यांत पिवळा पडतो. नीळ तो पिवळेपणा मारते, आणि साण्यातून उतरलेला कवडसा अख्ख्या खणात पसरतो. धोतराला नीळ का देतात हे ज्याला कळतं, त्याला भिंत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

घट बसण्याआधी दसरा काढायला सुरुवात झाली की आई अंगणात कळीचा चुना विरवायची. रांजणात तो रटरटायचा, आम्हा पोरांना जवळ फिरकू द्यायची नाही. दोन दिवसांनी गाळून, थोडा सरस घालून पहिला हात पांढराच. नीळ पुरचुंडीत बांधून दुसऱ्या हातात. ‘पहिल्यातच नीळ घातली की भिंत डागाळते,’ हे तिचं सांगणं. तळाला हातभर काव, कारण तिथंच माणसं पाठ टेकतात आणि तिथंच ओल चढते. कोनाड्यांना कावेचीच किनार. चुना हवा पिऊन हळूहळू दगड होतो. त्याच्या तिखटपणात झाडापाल्याचे रंग विटतात, माती-खनिजाचे टिकतात. पुडीतली नीळ, काव, पिवळी माती ही निवड बायकांनी अनुभवाने केलेली होती. तिला कुणी शास्त्र म्हटलं नाही, हे माझं जुनं दुःख आहे.

चांदवडचा रंगमहाल, मेणवलीच्या वाड्यातली भित्तिचित्रं यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांचा नुसता उल्लेख करून पुढे जातो. हैदराबादचा फलकनुमा मात्र ओलांडवत नाही. 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या मुलखात होतो. त्या राज्यातल्या महालात एका टेबलाशी एकशे एक माणसं जेवू शकत, आणि 2010 पासून तिथं हॉटेल आहे. तिथल्या रंगाला ‘शाही’ म्हणतात. त्याच 1948 साली अमेरिकेत डोरोथी ड्रेपर या बाईंनी ग्रीनब्रायर हे प्रचंड हॉटेल नव्याने सजवलं. दुसऱ्या महायुद्धात त्याचं लष्करी रुग्णालय झालं होतं. बाईंनी तिथं रुंद पट्टे, काळ्या-पांढऱ्या फरश्या, पडद्यांवर परातीएवढी फुलं आणली. त्या सजावटीला ‘धाडसी’ म्हणतात. आमच्याकडे लग्नघराच्या दारावर रंगारी भालदार-चोपदार, मोर, केळीचे खांब काढायचा, तेव्हा मात्र शब्द आठवतो तो ‘भडक’.

आता अंबाजोगाईपासून आष्टीपर्यंत कुठंही जा. पुट्टी, पीओपीचं छत, टीव्हीमागे राखाडी पॅनेल आणि भिंतींना सायीसारखा फिका रंग. कोनाडे बुजवले. सिमेंटवर चुना तितका चांगला धरत नाही हे खरं, पण निळा रंग दुकानातही मिळतो. तो मागायची लाज वाटायला लागली आहे.

केज, धारूर, वडवणीकडच्या ऊसतोड कुटुंबांत मात्र अजून ती लाज शिरलेली नाही. उचलीचे आगाऊ पैसे हाती आले की आधी भिंती रंगवतात, मग दिवाळीच्या सुमारास कुलूप लावून कारखान्याकडे निघतात. पुढचे पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत. असं एक घर मी वैशाखात उघडताना पाहिलं. बाईने डोक्यावरचं बोचकं उतरवण्याआधी भिंतीवर हात फिरवला, बोटाला लागलेली नीळ पाहिली आणि पोराला दुकानात धाडलं.