उसनवारीची मेमरी

इंटेल प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते रॅममधलाच वाटा घेते. संगणक सुरू होतानाच बायॉस हा वाटा बाजूला काढतो. सेटिंगचं नाव ‘डीव्हीएमटी प्री-अलोकेटेड’. अनेक विंडोज लॅपटॉपवर तो ३२ एमबीच असतो. तिथे मॅकओएस चढवायला गेलं (ॲपलच्या परवान्यात हे बसत नाही, पण हौसेला मोल नाही!) की तिचा ग्राफिक्स ड्रायव्हर अडून बसतो. त्याला बहुधा ६४ एमबी लागतात. नाही मिळाले की कर्नल पॅनिक, म्हणजे अख्खी प्रणालीच कोलमडते. वाटा वाढवावा, तर बायॉसच्या मेनूत ही सेटिंग अनेकदा दडवलेलीच असते. काही बहाद्दर खास शेलमधून थेट या सेटिंगच्या बाइटमधला ०१ पुसून ०२ लिहितात. पत्ता चुकला तर मदरबोर्डच गप्प! त्यापेक्षा ड्रायव्हरची मागणीच १९ एमबीवर उतरवणारा ‘व्हॉटेव्हरग्रीन’ या मॅकओएस एक्स्टेन्शनचा पॅच बरा.