जादा पैसे कशाचे?

बेथेस्डा या गेम कंपनीने एप्रिल २००६मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ या गेमसाठी घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं. घोडा राजबिंडा दिसू लागला. नवी कथा, नवा मुलूख काहीच नाही. असल्या सजावटीवर पैसे घालवू नयेत.

‘द विचर ३’ या गेमचं उदाहरण याच्या अगदी उलट. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने १६ छोट्या पुरवण्या फुकट दिल्या आणि पैसे घेतले ते दोन मोठ्या विस्तारांचे. त्यातला ‘ब्लड अँड वाइन’ (मे २०१६, सुमारे २० डॉलर) द्राक्षमळ्यांचा तूसाँ हा अख्खा नवा प्रांत आणि वीसेक तासांची कथा घेऊन आला. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम रोल-प्लेइंग गेमचा मान या विस्तारालाच मिळाला, तोही पूर्ण लांबीच्या गेमना मागे टाकून!

‘एल्डन रिंग’चा ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ (जून २०२४, सुमारे ४० डॉलर) हाही भरघोस ऐवज. पण मूळ गेममधले राडान आणि मोग हे बलाढ्य शत्रू हरवल्याशिवाय त्यात पाऊल ठेवता येत नाही. मूळ गेम अर्ध्यावर असेल तर विस्ताराची घाई नको. पुढे सेलमध्ये दोन्ही एकत्र असलेली आवृत्ती पुष्कळदा स्वस्त पडते.